चिंचेवरच्या माहेरवाशिणी

माळचिंचोलीत करकोच्यांना करकोचे म्हणायची सोय नाही. कोणी म्हटलंच, तर एखादी म्हातारी फाडकन विचारते, "का रं, सख्ख्या भणीला बाई म्हणून हाक मारतोस व्हय?" गावात त्यांचं नाव लेकी. संक्रांत सरली की धरणाच्या फुगवट्याकडून त्या येतात, गावच्या चिंचांवर घरटी बांधतात, अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि पावसाच्या तोंडावर लेकराबाळांसकट निघून जातात. बाळंतपणाला आलेली लेकच की ती! मग तिच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, लग्नात फटाके वाजवायचे नाहीत, आणि चैत्रात बायांनी चिंचेच्या बुंध्याशी जाऊन ओटी भरायची, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पांढरे पंख, त्यांवर काळी नक्षी, शेपटाशी गुलाबी झाक, लांबडी पिवळी चोच. पुस्तकात तिला चित्रबलाक म्हणतात म्हणे. गावाला पुस्तकाशी काय करायचंय?

घरटी उंच, पिल्लं भांडखोर, तेव्हा वाऱ्यावावटळीत एखादं खाली पडायचंच. पडलेलं पिल्लू आई परत घेत नाही. मग गावात त्या वेळी जी बाळंतीण असेल, तिच्या खोलीत ते नेऊन ठेवायचं. तिथे शेगडी असते, ऊब असते, आणि आठही प्रहर माणूस जागं असतं. मासळीचे तुकडे चारून बाळंतिणीनं ते वाढवायचं. ज्या घरात असं पिल्लू जगतं, त्या घरच्या तान्ह्याला दृष्ट लागत नाही, अशी बायांची खात्री.

या लेकींच्या राखणीला भागवत ढवळेला कोणी नेमलं नव्हतं, तो आपणच नेमला गेला होता. पोरवयापासून त्याला चिंचेखाली बसायचा नाद. पन्नाशी उलटली, डोकं पांढरं झालं, गाव तात्या म्हणायला लागलं, तरी नाद काही सुटला नाही. "तात्याला बायकोपरीस पाखरं जवळची," असं लोक म्हणत, आणि त्याची बायको विजया म्हणे, "आसूं द्या की! सैपाक तर मलाच मागत्यात न्हवं!" पुढे सरकारनं गावोगाव पक्षीराखे नेमायचे ठरवले, तेव्हा माळचिंचोलीतून दुसरं कोणी पुढे आलंच नाही.

पक्षीराखे नेमायची पाळी का आली, ते सांगायला हवं. ही गोष्ट आजची नाही, पुढची आहे, पण फार पुढचीही नाही. आपल्यातले पुष्कळजण तोवर असतील. बर्ड फ्लूचा विषाणू हा मुळात पाणपाखरांच्या आतड्यातला जुना भाडेकरू. राजहंस आणि बदकं त्याला पोटात घेऊन मंगोलियातून हिमालय ओलांडून येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना साधी शिंकही येत नाही. हिवाळाभर ती धरणाच्या पाण्यात विष्ठा टाकतात. त्याच उथळ पाण्यात करकोचे चोच घालून मासे शोधतात. तिथून विषाणू चिंचेवर, चिंचेवरून कोंबड्यांच्या खुराड्यात. माणसाला मात्र तो सहजी लागत नाही. कारण पेशीत शिरायला विषाणूला किल्ली लागते, आणि पाखराच्या पेशीचं कुलूप वेगळं, माणसाच्या घशातलं वेगळं. पण हा विषाणू आपली नक्कल करताना चुका फार करतो. लाखो चुकांत एखादी अशी निघते की किल्लीचा दात जरा वाकतो, आणि माणसाचं कुलूप खटकन उघडतं. तसं एकदा उघडलं होतं. पलीकडच्या एका जिल्ह्यात गावंच्या गावं ओस पडली, आणि मग सगळ्यांचीच झोप उडाली.

त्यातून ते यंत्र आलं. जेवणाच्या डब्याएवढं. त्यात विष्ठेचा थेंब टाकायचा. यंत्र विषाणूची जनुकं अक्षर न् अक्षर वाचतं, किल्लीचा दात कुठवर वाकलाय ते बघतं, आणि या थव्यात तो पुरता वाकायला किती वेळ लागेल याचा अंदाज सांगतं. माणसांत साथ येण्याआधीच साथीची वर्दी! पूर्वी पहाटे दारात पिंगळा यायचा, पाखराची बोली ऐकून भविष्य सांगायचा. गावानं यंत्राचंही नाव पिंगळाच ठेवलं. "तात्या, पिंगळा काय म्हणतोय? माझं लग्न जमंल का?" असं पोरं विचारत, आणि भागवत म्हणे, "पिंगळा म्हणतोय, आधी आंघोळ कर."

हिरवा दिवा लागला की सगळं ठीक. तांबडा लागला तर पिंगळा खात्रीसाठी दुसरा नमुना मागायचा. तोही तांबडा निघाला, की थवा-व्यवस्थापन पथक येणार. व्यवस्थापन हे कागदावरचं नाव. प्रत्यक्षात फवारा मारून घरटी पाडायची, पिल्लं पोत्यात भरायची, गावातल्या साऱ्या कोंबड्या मारायच्या आणि महिनाभर गावाला कडं घालायचं, कोणी आत नाही की बाहेर नाही.

आदल्या वर्षी शेजारच्या वाकीशिवारात हे झालं, तेव्हा भागवतला मदतीला नेलं होतं. पुण्याच्या केंद्रातल्या डॉक्टर झरीना मुजावर तिथे होत्या. पिंगळ्याची मांडणी करणाऱ्यांतल्याच एक. पथकानं फवारा मारला आणि मोठे करकोचे एकदम उठले, गोल गोल फिरले, मग ज्याला जिकडं वाट मिळाली तिकडं गेले. मुजावरबाई वर बघत राहिल्या.

"हे चुकतंय, तात्या," त्या म्हणाल्या. "एका गावातला रोग आपण आता तीस गावांना वाटला. खरं तर पाखरांना हातच लावायचा नाही. ती झाडावर राहिली, तर महिन्या-दीड महिन्यात लागण होऊन जाते, आजारी मरतात, उरलेली तगतात आणि साथ तिथल्या तिथे विझते. फक्त तोवर माणसांनी झाडाखाली जायचं नाही, कोंबड्या कोंडायच्या, पडलेलं पाखरू हातात घ्यायचं नाही. एवढं लोकांना नीट सांगितलं तर पुरतं."

"मग सांगा की वर."

"सांगून सांगून घसा बसला. घरटी पाडली की काहीतरी केल्यासारखं दिसतं. नुसतं थांबलेलं कोणाला दिसतं?"

त्याच वाकीशिवारात एका अवघडलेल्या बाईला अवेळी कळा सुरू झाल्या. कड्यावरच्या पोलिसांनी वरून परवानगी येईपर्यंत गाडी सोडली नाही. बाई वाचली, मूल गेलं. तिच्या बापाचा ओरडा भागवतच्या कानातून वर्षभर गेला नव्हता.

आणि फाल्गुनातल्या एका सकाळी माळचिंचोलीच्या पिंगळ्याचा दिवा तांबडा झाला.

भागवतनं आधी यंत्राला एक सणसणीत शिवी हासडली. मग चष्मा पुसून पडद्यावरची ओळ परत वाचली. नमुना थोरल्या चिंचेखालचा. किल्ली जवळजवळ तयार. खाली हुकूम: दुसरा नमुना द्या. त्यानं वर पाहिलं. ऊन चढलं होतं आणि लेकी पंख पसरून उभ्या होत्या, आपल्या अंगाची सावली पिल्लांवर धरून. समोर रस्त्यापलीकडे त्याचंच घर. ओट्यावर त्याची एकुलती एक लेक प्रणाली केस विंचरत बसली होती. पहिलटकरीण. पुण्याहून माहेरी येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, आणि पोट इतकं पुढं आलेलं की फणी खाली पडली तर उचलायला आईला हाक मारावी लागे.

दुसरा नमुना तांबडा निघाला, तर गावाला कडं पडणार. प्रणालीचे दिवस नेमके त्या कड्यात भरणार. आणि वर ही पिल्लं पोत्यात जाणार, ती कशासाठी, तर रोग तीस गावांना वाटायसाठी!   भागवत उठला, गावाबाहेरच्या तळ्यावर गेला, म्हशींच्या मागं फिरणाऱ्या बगळ्यांची विष्ठा काडीवर घेतली आणि पिंगळ्याच्या तोंडात घातली.

दिवा हिरवा लागला. पहिल्या नमुन्यात काहीतरी भेसळ झाली असावी, असं पिंगळ्यानं आपणच ठरवून टाकलं. यंत्र कितीही शहाणं असलं, तरी त्याला पुढ्यात आलेलंच कळतं.

आता बघा, भागवत काही अडाणी नव्हता, की बेफिकीरही नव्हता. त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं की आपण मुजावरबाईंचंच औषध देतोय. पाखरांना हात लावायचा नाही, साथ आपोआप विझू द्यायची. पण औषधाचे भाग दोन होते. पाखरांना सोडायचं आणि माणसांना सांगायचं. पहिला भाग गुपचूप करता येत होता. दुसरा कसा करणार? एकाला सांगितलं की चावडीवर जाणार, चावडीवरून तालुक्याला, आणि तालुक्यावरून फवारे घेऊन पथक दारात. विजयाला सांगावं, तर विजयाच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

त्याच दुपारी जेवताना त्यानं हळूच विषय काढला.

"मी काय म्हणतो, पनूचं बाळंतपण पुण्यालाच का करू नये? मोठी हॉस्पिटलं हायती. जावईबी जवळ आसतील."

विजयाची भाकरी तव्यावरच राहिली. "अवं, काय बोलताय! पहिलं बाळंतपण हाय. लेकीला भरल्या पोटी माघारी धाडायची? व्याही तोंडात शेण घालतील आपल्या."

"घालू दे की."

"घालू दे? लोकांच्या लेकी झाडावर आल्या तर त्यांच्यापायी उन्हातान्हात बसता, आन् पोटची आली तर घालवाया निघालात? काय झालंय काय तुमाला?"

प्रणाली आतल्या दारात येऊन उभी होती. "तात्या, मी जड झाले का?" ती हसत म्हणाली, पण डोळ्यांत पाणी आलंच.

"तसं न्हवं गं बाय," भागवत म्हणाला. "उन्हाळा लई हाय इथं."

"उन्हाळा आत्ताच बघितला का मी? इथंच वाढले ना?"

  तिनं बापाच्या ताटात आपल्या हातानं चटणी वाढली आणि विषय मिटला.

मग त्यानं सुचेल ते केलं. चिंचांभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि थोरल्या चिंचेवर आग्या मोहोळ बसलंय अशी थाप मारली. आग्या माश्यांना सगळेच भितात. पोरं तिकडं फिरकेनाशी झाली. आपल्या कोंबड्या त्यानं विकून टाकल्या. विजया चिडली, तर म्हणाला, "घाण करत्यात, बाळ येणार हाय घरात." चैत्रात ओटी भरायला निघालेल्या बायांना कुंपणाबाहेरच थांबवलं. "हे कसलं रं मोहोळ, एक माशी दिसंना!" म्हणत बायांनी लांबूनच खण-नारळ ठेवले आणि जाताना भागवतच्या नावानं बोटं मोडली. दर आठवड्याला पिंगळ्याच्या तोंडी बगळ्यांची विष्ठा जात होती आणि दिवा हिरवा लागत होता. झाडाखाली मधूनच एखादं मेलेलं पाखरू सापडे. ते तो तोंडाला फडकं बांधून, हातात रबरी मोजे चढवून पुरून टाकी. मग तेही कमी झालं. साथ विझत चाललीय, असं त्याला वाटायला लागलं. आणि खरं सांगायचं, तर झाडावर ती विझतच चालली होती.

प्रणालीला मुलगी झाली. तालुक्याच्या दवाखान्यात, सुखरूप. दोघींना घरी आणलं, तेव्हा भागवतनं ओवाळणीचं ताट विजयाच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. नात काळीसावळी, जावळ दाट, आणि रडणं असं की आळी जागी व्हावी. "आवाज बापाचा हाय," विजया म्हणाली. "नाक मात्र तात्याचं. कर्म तिचं!" भागवत इतका हसला की त्याला ठसका लागला. रस्त्यानं लेक बिनघोर आली, गाडी कोणी अडवली नाही, बाळ जिवंत आहे. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

माजघरापलीकडची खोली बाळंतिणीला दिली. सुवेराचे दिवस, त्यात विजया या बाबतीत कडक. बाप्या माणसानं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. शेगडी, ओव्याची धुरी, शेकशेगोटी, सगळं दाराआड चाले. भागवत उंबऱ्याबाहेर बसून आतल्या लेकीशी गप्पा मारी, नातीला दारातूनच बघी. बाहेर ऊन रणरणत होतं. एके दिवशी तो पक्षीराख्यांच्या बैठकीला तालुक्याला गेलेला असताना गावात मोठी वावटळ आली. परत येऊन बघतो, तर काट्यांचं कुंपण पार उडून गेलेलं. त्यानं झाडाखाली सगळीकडं शोधलं. पडलेलं पिल्लू एकही नव्हतं. सुटलो, असं म्हणून त्यानं कुंपण परत घातलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो उंबऱ्याशी चहा पीत बसला होता. आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं, आणि त्याच्या मागोमाग आणखी एक आवाज. घोगरा, तुटक. तो आवाज भागवतनं जन्मभर ऐकला होता. भुकेल्या पिल्लाचा.

"आत काय हाय?" त्यानं विचारलं.

विजया पदराला हात पुसत दारात आली आणि तोंड भरून हसली. "दुसरी लेक आलीय! वावटळीत पडलं. वरच्या आळीच्या बाया घेऊन आल्या. म्हटलं, यंदा गावात आपलीच बाळंतीण, मान आपला. तुमाला सांगितलं आसतं, तर परत तुमचं ते मोहोळ काढून बसला आसता."

भागवत उंबरा ओलांडून आत शिरला. "अवं, सुवेर हाय!" विजया ओरडली. त्यानं ऐकलं नाही. शेगडीजवळ पाटीखाली पिल्लू होतं. मान पाठीकडं पिळवटलेली, पाय ताठ, चोचीतून लाळ. प्रणाली पलंगावर बसून बाळाला पाजत होती.

"कालपर्यंत चांगलं खात होतं, तात्या," ती म्हणाली. "आज मानच धरत नाही. मासे देते ते बाहेर टाकतंय. रात्रभर गार पडत होतं, म्हणून मी उराशी धरून बसले होते."

 सांगायची वेळ होती, ती हीच. आत्ता सांगितलं असतं तर मुजावरबाई औषध घेऊन तासाभरात पुण्याहून निघाल्या असत्या. पण तोंड उघडायचं, म्हणजे सगळंच उघडायचं. नमुना बदलला, पथकाला फसवलं, गावाला फसवलं. पोलीस येणार, पथक येणार, गाव थुंकणार. आणि प्रणालीला तर काहीच झालेलं दिसत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, तोंडावर बाळंतिणीचं तेज. प्रत्येक पाखराचा रोग माणसाला थोडाच लागतो?

"जुलाब झाल्यात त्याला," तो म्हणाला. "जगायचं न्हाई. द्या मी नेतो. आन् हात धुवा सगळ्यांनी, साबणानं. खोली फिनेलनं पुसून घ्या."

पिल्लू त्यानं मळ्यात पुरलं आणि तिथूनच मुजावरबाईंना फोन लावला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. समजा, रोगी पाखरू कोणी हाताळलं, तर औषध कवा द्यावं लागतं?"

"लगेच. लक्षणं दिसायची वाट न बघता. ताप चढला की पहिल्या दोन दिवसांतसुद्धा उपयोग होतो, नंतर फारसा होत नाही. का हो तात्या? तुमचा पिंगळा तर हिरवा आहे."

"हिरवाच हाय."

"मग का विचारताय?"

ओठावर आलं होतं. नातीचं जावळ, दारात उभे पोलीस, पोत्यात भरलेली पिल्लं, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"आसंच," भागवत म्हणाला.

दोन दिवस तो उंबऱ्याशी येऊन येऊन विचारत होता, "पनू, बरं वाटतंय ना?" आणि प्रणाली हसून म्हणे, "तात्या, बाळंतीण मी आहे, का तुम्ही?" मग तिला ताप भरला. विजया म्हणाली, दुधाचा ताप असेल, भरतो तसा बाळंतिणीला. वरच्या आळीच्या बायांनीही येऊन तेच सांगितलं. भागवतला ते खरं मानायचं होतं, आणि त्यानं ते दोन अख्खे दिवस खरं मानलं. वाटेल तेव्हा तालुक्याची गाडी बोलावता आली असती. गावाला कुठं कडं होतं? तिसऱ्या दिवशी प्रणालीला बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा त्यानं परत फोन केला आणि सगळं सांगितलं. बगळ्यांपासून पिल्लापर्यंत. 

"बाळाला तिच्यापासून आत्ताच्या आत्ता बाजूला करा," मुजावरबाई म्हणाल्या. "मी निघते."

गाव सकाळी बंद झालं. तोवर वरच्या आळीच्या, पिल्लू घेऊन आलेल्या दोघीजणी तापानं पडल्या होत्या, आणि एकीच्या घरात नवराही. किल्ली तयार झाली होती, कुलूप उघडलं होतं. विजयालाही ताप आला, पण तिला औषध वेळेवर मिळालं. पथक आलं, फवारे आले. मुजावरबाई पथकाच्या साहेबाशी भांडभांड भांडल्या. "झाडावरची साथ विझत आलीय हो, आता उठवू नका त्यांना!" साहेब म्हणाले, "मॅडम, माणसं आजारी आहेत आणि झाडावर पाखरं दिसतायत. मी वर काय सांगू?" फवारे सुटले. मोठ्या लेकी एकदम उठल्या, गावावर फिरल्या आणि चारी दिशांना गेल्या. त्या कुठं उतरतील, ते पिंगळ्यालाही सांगता येणार नव्हतं. भागवतला पोलिसांच्या गाडीत बसवत होते, तेव्हा एका म्हातारीनं त्याच्या अंगावर माती फेकली. त्यानं ती झटकली नाही.

प्रणालीला पुण्याला नेलं. काचेपलीकडच्या खोलीत ठेवलं, बाळाला वेगळ्या. बाळाच्या तपासणीत काही निघालं नाही. जावई काचेच्या अलीकडं बाकावर बसून असे. मुजावरबाईंनी खटपट करून भागवतला पोलिसांकडून एकदा भेटीला आणवलं, तर जावयानं सासऱ्याकडं बघितलंही नाही.

दारातच त्यांनी त्याला थांबवलं. "फुप्फुसं गेलीत तिची, तात्या. मी खोटं सांगणार नाही. तिला काही माहीत नाही. यंत्र चुकलं, एवढंच आम्ही सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा. आता तिला त्रास कशाला?"

फोन कानाला लावून तो काचेसमोर उभा राहिला. प्रणालीच्या तोंडावर मोठा मास्क होता. ओठ निळसर पडले होते. नर्सनं मास्क जरा बाजूला केला.

"पोरगी कशी आहे?"

"झ्याक हाय. आरडती नुसती."

तिच्या डोळ्यांत हसू आल्यासारखं झालं. मग ती त्याच्याकडं बघत राहिली. भागवतला ती नजर झेपेना, तरी त्यानं मान खाली घातली नाही.

"तात्या, मला पुण्याला घालवायला निघाला होतात. उन्हाळा म्हणून." तिला थांबून श्वास घ्यावा लागला. "तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं का?"

मागं मुजावरबाई उभ्या होत्या. जावई बाकावरून उठला होता. यंत्र चुकलं म्हटलं असतं, तर ते प्रणालीला पटलं असतं; बापाचा शब्द तिला नेहमीच पटायचा.

"व्हय," भागवत म्हणाला. "ठाऊक होतं."

प्रणाली रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गोंधळल्यासारखी झाली, लहानपणी हिशेब चुकला की व्हायची तशी.

"मग सांगायचं ना तात्या मला. नको घेऊ हातात म्हणायचं, एवढंच. मी ऐकलं असतं."

"ऐकलं असतंस गं."

"तुमचं मी कधी ऐकलं नाही, असं झालंय का?"

"न्हाई पोरी," भागवत म्हणाला, आणि आता त्याला रडू आवरेना. "तसं कवाच झालं न्हाई."

नर्सनं मास्क परत चढवला आणि फोन काढून घेतला. प्रणाली त्यानंतर दोन दिवस होती, पण बोलली नाही.